भावोजी निळा

पेणच्या गणपतींना थंडी वाजू शकते, हे मी एका दुपारीत सिद्ध करून दाखवलेलं आहे.

रोह्यात माझा फोटो स्टुडिओ आहे आणि सासुरवाडी पेणची. मेहुणा दिनेश रामवाडीला गणपती घडवतो. त्याला पहिल्यांदाच परदेशातून विचारणा आली. मस्कतच्या मराठी मंडळाची संध्याकाळी बैठक होती. तोवर फोटो गेले, तर ऑर्डर दिनेशची.

"भावोजी, रंग मात्र खरे दिसायला हवेत," दिनेश म्हणाला.

एवढंच पुरलं मला. मी माझं रंगकार्ड काढलं. हातभरही नसलेला पुठ्ठा, त्यावर रंगीत चौकोन. मूर्तीशेजारी ठेवून एक फोटो काढायचा. मग कॉम्प्युटर त्यावरून सगळ्या फोटोंचे रंग सुधारतो. त्यातला पांढरा चौकोन म्हणजे बाकीच्यांचा मुकादम. हे कार्ड मी एसटीत मांडीवर घेऊन आलो होतो. (कॅमेरा बायकोच्या पायाशी होता.)

"बोट लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही," मी कारखान्यात जाहीर केलं. "धूळ बसली तर मऊ ब्रशने, तीही मीच झटकणार."

"देव्हाऱ्यातल्या देवांनाबी एवढं सोवळं नाय गो," सासूबाई माझ्या बायकोला म्हणाल्या.

"घरी मलाही हात लावू देत नाहीत," बायको म्हणाली. "कार्डाला."

जेवायला बसलो. सासूबाईंनी तळलेले पोह्याचे पापड वाढले. खाता खाता मला वाटलं, कार्डावर धूळ बसतेय. म्हणून ते पाकिटात सरकवलं. त्याच हाताने.

पांढऱ्या चौकोनावर माझा अंगठा उमटला. तेलासकट, रेषांसकट. आधार कार्ड काढतानासुद्धा इतका स्वच्छ आला नव्हता.

ओल्या फडक्याने पुसला, तर तेल पसरलं. खोडरबर चालवला, तर पांढरा रंगच निघाला आणि खालचा पुठ्ठा दिसू लागला.

"पाणी लावायचं नाय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, हे पाणी वेगळं."

शेवटी दिनेशला दया आली. "आणा इकडं, भावोजी. पांढरा रंग पिंपभर हाय आमच्याकडं." त्याने एका फटक्यात चौकोन असा रंगवला, की कंपनीलाही जमलं नसतं. मी सुटकेचा निःश्वास टाकला, फोटो काढले आणि लॅपटॉपला कार्ड दाखवलं.

सासूबाई मागून डोकावल्या. "जावयबापू, गणपती गारठल्यासारखे दिसतात ओ. निळे पडलेत."

"आई, डोळा फसतो. कार्ड फसत नाही."

"पण मूर्ती तर समोरच हाय ना, गुलाबी?"

"ती तुमच्या डोळ्यांना गुलाबी आहे," मी शांतपणे म्हणालो आणि फोटो पाठवून दिले.

दिनेश हातपाय धुऊन आला तेव्हा त्याला सहज विचारलं, "पांढरा कुठला लावलास रे?"

"सुळ्याचा."

"म्हणजे?"

"गणपतीच्या सुळ्याला लावतो तो. त्यात थेंबभर पिवळा असतो. नायतर सुळा कवळीसारखा दिसतो."

कॉम्प्युटरने सुळ्याच्या त्या पिवळसर रंगालाच शुद्ध पांढरा मानलं होतं. तो पिवळेपणा काढायला त्याने सगळ्या फोटोंत निळा ओतला होता. तेवढ्यात दिनेशचा फोन वाजला. मस्कत. त्याने स्पीकर लावला.

"अहो, आम्ही गणपती मागितले होते," पलीकडचे गृहस्थ म्हणाले. "हे सगळे श्रीकृष्णासारखे का दिसताहेत?"

दिनेशने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बायकोने लॅपटॉप मिटला. पहिली परदेशी ऑर्डर माझ्या अंगठ्याखाली चिरडली गेली होती.

"पण मंडळातल्या बायकांना फार आवडले," गृहस्थ पुढे म्हणाले. "तीन नंबरची मूर्ती पक्की. रंग मात्र हुबेहूब फोटोतलाच पाहिजे. जमेल ना?"

"व्हय, व्हय, जमंल की," दिनेश म्हणाला.

तो रंग कालवता कालवता दिनेशचा घाम निघाला. पण जमला. मूर्ती मस्कतला गेली, आणि आता इथलीही गिऱ्हाइकं तोच रंग मागतात. कारखान्यातल्या त्या डब्यावर दिनेशने ठळक अक्षरांत नाव घातलंय: 'भावोजी निळा'.

एवढा मान रोह्याच्या दुसऱ्या कुठल्या जावयाला मिळाला नसेल. नवं कार्डही घेतलंय. पेणला फोटो काढायचे असले, की ते सासूबाईंच्या कपाटात असतं. मागितलं की त्या देतात लगेच. आधी माझे हात हुंगतात, एवढंच.