बेचाळीसच्या आत

किस्से साठवायला जागा लागत नाही, हे एक बरं आहे. कपाटाला लागते. लग्नाला आता सहा महिने होतील आणि लोणंदहून माझ्याबरोबर आलेलं कपाट अजून बाहेर सोप्यात उभं आहे. कारण आमच्या खोलीत ते जिथं बसायचं, तिथं एक गाडी उभी आहे. चाकं नसलेली! लोखंडी सांगाडा, त्यावर भंगारातून आणलेली जीपची सीट, पुढं स्टिअरिंग, पायाशी पेडल आणि समोर भलाथोरला स्क्रीन. याला रेसिंग सिम्युलेटर म्हणतात. सासूबाई 'ती खुर्ची' म्हणतात.

आमचे हे दिवसभर कडेगावात ऑफिसात बसतात आणि घरी आले की पुन्हा बसतात. घरी बसल्यावर घाम येतो, एवढाच फरक. त्यांना एका ऑनलाइन रेसिंग लीगमध्ये शिरायचं होतं. अट एकच : ट्रॅकची एक फेरी, म्हणजे एक लॅप, एक मिनिट बेचाळीस सेकंदांच्या आत मारायची. हे बेचाळीस पूर्णांक सहावर अडकून बसलेले.

शेवटी सासूबाईंनी तह केला. "महिन्याच्या शेवटच्या रविवारी सहा वाजंपतूर काय व्हायचं ते हुंदे. न्हाई झालं तर खुर्ची जाईल आणि सुनंचं कपाट आत येईल."

हे "व्हय" म्हणाले. मी टेप घेऊन कोपरा तेवढा मोजून ठेवला.

*

सासरे, म्हणजे आबा, सैन्यात ट्रक चालवायचे. एकदा त्यांनाही बसवलं. आबांनी आधी आरसे पुसले. स्क्रीनवरचे! पहिलं वळण आलं तसं त्यांनी स्टिअरिंगवर मधोमध हात मारला. काहीच वाजलं नाही.

"हॉर्न कुठाय?"

"आबा, रेसमध्ये हॉर्न नसतो."

"मग वळणावर पलीकडनं येणाऱ्याला कळायचं कसं?"

"पलीकडनं कुणी येतच नाही."

आबांनी गाडी कडेला घेऊन उभी केली.

"मग एवढी घाई कशाला?"

*

ह्यांचा गुरू सुकुमार. सांगलीत त्याच्या घरचा हळदीचा व्यापार आहे. लीगमध्ये तो कधीच शिरलेला, त्यामुळे फोनवरून शिकवायचा अधिकार त्याच्याकडे. घर जैन, आई कडक. सूर्य मावळायच्या आत ताट संपलं पाहिजे.

एका संध्याकाळी फोन स्पीकरवर. हे जिवाच्या आकांतानं गाडी पळवतायत.

"आता ब्रेक दाब," सुकुमार म्हणाला. "दाबलास? धरून ठेव."

"धरलाय. सोडू कधी?"

पलीकडून भांड्यांचा आवाज आला. "जेवून सांगतो रं, दिवस चाललाय!"

*

एका गुरुवारी चक्क एक्केचाळीस पूर्णांक आठ आले. ह्यांची आरोळी ऐकून गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. तेवढ्यात स्क्रीनवर लाल अक्षरं आली : लॅप रद्द.

हे डोकं धरून बसले. सासूबाई हात पुसत आत आल्या. "काय झालं?"

"एका वळणावर पांढऱ्या पट्टीच्या भाईर गेलो. धरत न्हाईत मग."

सासूबाईंचा भावकीतल्या एकाशी शेताच्या बांधावरून वाद चालू आहे. तीनदा मोजणी झालीय.

"म्हणजे बांध कोरलास व्हय? मग बरोबर केलं त्यांनी."

"आये, चार बोटं गेलो फक्त!"

"त्यो बी चार बोटंच म्हणतोय."

*

अशीच एक लॅप रंगात आलेली असताना सासूबाईंनी घरघंटी लावली. दिवे मिणमिणले आणि स्क्रीन काळा झाला.

"आये, लॅप चालू हुती!"

"मग काय लॅपची भाकरी थापू?"

*

ह्यांचा मित्र विकास ट्रॅक्टर चालवतो. हंगामात मागं दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस टाकतो. ह्यांनी वळण कसं घ्यावं याचे ढीगभर व्हिडिओ पाहिले होते. विकासनं एक लॅप पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आरं, आतनं काय वळतोस? आधी लांबनं जा, मग आत घे. मागची ट्रॉली नाल्यात जाईल की."

"विक्या, मागं ट्रॉली न्हाई!"

"नसूंदे. हाय असं समज."

ह्यांनी तसं मानलं. बेचाळीस पूर्णांक तीन! सगळे खूश. विकास सोडून. त्याचं समाधान झालं नव्हतं.

"रिकाम्या धरून चालवतोयस गड्या. उसाच्या धर."

उसाच्या धरल्या, तर बेचाळीस पूर्णांक एक.

*

शेवटचा रविवार उजाडला. संध्याकाळी साडेपाचला सगळे खोलीत. सुकुमार सांगलीहून टेम्पो घेऊनच आला होता. हुकलं तर खुर्ची त्याच्या गोडाऊनला जायची ठरली होती ना! आबा स्टुलावर, विकास भिंतीला टेकून, सासूबाई उंबऱ्यावर.

बेचाळीस पूर्णांक एक. पुन्हा एक. मग दोन.

मी कॉटवर कपड्यांच्या घड्या घालत होते. सहा महिने तिथंच घालतेय. घड्या घालताना माणसाला बरंच दिसतं. स्क्रीनच्या वरच्या बाजूला एक आकडा पळत असतो. आपल्याच आधीच्या लॅपपेक्षा पुढं असलो तर हिरवा, मागं असलो तर लाल. लांबलचक वळण येईपर्यंत ह्यांचं सगळं छान चालतं. तिथं डोळे वर जातात. लाल दिसला की मान आखडते. हिरवा दिसला की जास्तच आखडते. आणि पुढचं वळण हुकतं. प्रत्येक वेळी. व्हिडिओवाल्यांना हे माहीत असणं शक्य नव्हतं. ते कुणी आमच्या कॉटवर बसले नव्हते.

सहाला दहा कमी असताना हे तोंडावर पाणी मारायला गेले.

मी उठले. कपाळावरची टिकली काढली आणि त्या आकड्यावर चिकटवली. मोठी, मरून रंगाची. मग परत येऊन टॉवेल घडी करायला घेतला. सासूबाईंनी सोप्यातल्या कपाटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

हे येऊन बसले. "हे काय चिकटलंय?"

"रस्ता बघा," मी म्हणाले. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

गाडी निघाली. लांबलचक वळण आलं. डोळे वर गेले, टिकलीवर आपटले आणि खाली आले. पुढचं वळण निघालं. त्याच्या पुढचंही.

एक मिनिट एक्केचाळीस पूर्णांक सात. पट्टीच्या आत!

विकासनं सांगाडाच हलवून सोडला. आबांनी ह्यांच्या पाठीत एक गुद्दा घातला. सुकुमार मुकाट बाहेर जाऊन रिकामा टेम्पो वळवायला लागला.

सगळे चहाला गेल्यावर हे हळूच म्हणाले, "तुला तर कपाट आत पाहिजे हुतं ना गं?"

मी स्क्रीनवरची टिकली सोडवली. गोंद अजून शाबूत होता. कपाळावर लावली.

"उकडत होतं लय," मी म्हणाले. "कपाळावर राहीना."