बेटावरची डबीभर माती

ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात राहून आम्हाला बारा वर्षं झाली, पण आमच्या ह्यांच्या अंगातला पुण्याचा ट्रेकर काही गेला नाही. किल्ला म्हटलं की माणूस हातातून सुटला. म्हणून मुलाच्या मैत्रिणीच्या वडिलांनी कोरियाला बोलावलं आणि "आमच्या गावाजवळ बेटावर जुनं आरमारी ठाणं आहे" असं कळवलं, तेव्हा हे लगेच बूट शोधायला लागले. काळजी करायला मी एकटीच उरले.

ती मुलगी ऑकलंडलाच आमच्या मुलाच्या ऑफिसात. दोघांना लग्न करायचं होतं. तिच्या वडिलांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. आम्ही चौघं गेल्यावर त्यांनी दोन दिवस आम्हाला भरपूर खाऊ घातलं, पण लग्नाबद्दल अवाक्षर नाही. मुलाचं तोंड एवढंसं झालेलं.

तिसऱ्या दिवशी पूल ओलांडून बेटावर गेलो. ओहोटी होती. किनाऱ्याच्या चिखलात जुन्या लाकडी खांबांची बुडखं रांगेने दिसत होती. वर मातीचा तट आणि एक विहीर.

"डॅड, प्लीज, नो लेक्चर," मुलगा म्हणाला.

कसलं काय! ह्यांनी बूट काढले, तटाला हात लावून कपाळाला लावला आणि सिंधुदुर्ग सुरू केला. पाऊण तास. बिचारी मुलगी वडिलांना भाषांतर करून सांगत होती. वडील हाताची घडी घालून, ह्यांच्या भोकाच्या मोज्यांकडे बघत उभे.

मग ह्यांनी खिशातून बडीशेपेची रिकामी डबी काढली आणि तटाची माती भरायला बसले. प्रत्येक किल्ल्याची चिमूटभर माती घरी आणायची, हा ह्यांचा जुना नेम.

"अहो, ऑकलंडला विमानतळावर बुटाला चिकटलेला चिखलसुद्धा चालत नाही, डबी कुठून सोडतील?" मी म्हणाले. तेवढ्यात तिथल्या राखणदार बाई ओरडतच आल्या. बाई बोलतायत, हे डबी घेऊन उकिडवे, मुलगा दुसरीकडे तोंड करून उभा. झालं लग्न, म्हटलं. इतका राग आला होता मला की विचारू नका.

मुलीचे वडील पुढे झाले. राखणदार बाईंपुढे कमरेत वाकले, काहीतरी बोलले, पुन्हा वाकले. बाई शांत झाल्या. ह्यांनी गुपचूप माती जागेवर ओतली.

"काय म्हणाले?" मी मुलीला विचारलं.

"सॉरी म्हणाले," ती म्हणाली. मग तिने वळून वडिलांकडे पाहिलं. "म्हणाले, माझे व्याही आहेत. नवीन आहेत, शिकतील."

लग्नाला होकार मिळाला, हे तिलाही तेव्हाच कळत होतं.