सोमा राणीचा शेला

पद्मजाबाईंचे यजमान सुमंतराव जन्मभर पुढे चालत आले. नाशकात असोत वा अमेरिकेत चँडलरच्या मॉलमध्ये, "अहो, जरा हळू चाला," ही विनवणी त्यांच्या पाठीवर आदळून परत येई. एकदा तरी दोघांनी बरोबरीने चालावे, एवढीच बाईंची इच्छा होती.

त्यांच्या ओजसचे लग्न बोफा नावाच्या कंबोडियाच्या ख्मेर मुलीशी ठरले. लग्नविधीच्या तालमीच्या दिवशी ओजस पाहुण्यांना आणायला विमानतळावर अडकला, म्हणून बोफाच्या आईने नवरानवरीच्या जागी या दोघांनाच उभे केले. पद्मजाबाईंच्या खांद्यावर सोनेरी शेला घालून तिने त्याचे टोक सुमंतरावांच्या हाती दिले.

"आमची पहिली राणी सोमा ही नागराजाची लेक," ती म्हणाली. "परदेशी नवऱ्याला तिने असेच शेल्याला धरून, आपल्या मागे चालवत आपल्या राज्यात नेले. शेला सुटला, की नवरा हरवला!"

पद्मजाबाई निघाल्या. आधी जपून, मग झपझप. हॉल संपला, स्वयंपाकघर संपले, तरी त्या थांबेनात. हसू आवरत नव्हते. पार्किंगमध्ये मागून धापा टाकत हाक आली, "अगं, जरा हळू चाल!"

या राणीने मात्र वळून पाहिले आणि ती थांबली. सुमंतराव जवळ आले. शेला सोडण्याऐवजी त्यांनी तो मनगटाला गुंडाळला.

दोघे बरोबरीने हॉलमध्ये शिरताच बोफा ओरडली, "काका, मागे! तुम्ही मागे राहायचं!"

सुमंतरावांनी या खेपेसही ऐकले नाही.