खोबरच्या कंपाउंडमधला शिमगा

आखाती युद्धात सौदीतल्या अल-खोबरला जे सायरन वाजले, त्यातला एक माझा होता. बाकीचे सरकारी होते.

आता मी काही कुणाशी लढायला गेले नव्हते हो! आमचे हे तिथल्या एका कंपनीत इंजिनीअर, मी घरी आणि आमची चिमी पहिलीत. युद्धामुळे शाळा बंद, म्हणून ती दिवसभर माझ्या डोक्यावर. कंपनीनं सगळ्यांना गॅस मास्क दिले होते. सायरन झाला की मास्क चढवायचा, खिडक्यांना प्लास्टिक आणि टेप लावलेल्या बेडरूममध्ये शिरायचं, दाराखाली ओला टॉवेल सारायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. बाकी सगळं अंगवळणी पडलं होतं, पण चिमी काही केल्या मास्क घालत नव्हती.

मास्क दिसला की पोरगी किंचाळायची. मी घातला तर माझ्यापासूनच लांब पळायची, "तू माझी आई नाहीस!" म्हणून. चॉकलेट दाखवून झालं, डोळे वटारून झाले, ह्यांनी एकदा स्वतः मास्क घालून "माकड, माकड" करून नाचूनही दाखवलं (त्यानंतर ती ह्यांच्याजवळही जाईना). शेवटी सायरन झाला की तिच्या तोंडावर ओला टॉवेल धरून मी तिला छातीशी घट्ट कवटाळून बसायचे आणि माझ्या मास्कच्या आत रडायचे. (मास्कच्या आत कधी रडू नये. नाक पुसता येत नाही!) खरंच तो विषारी वायू आला तर माझ्या पोरीचं काय होईल, ह्यापलीकडे त्या दिवसांत मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आमच्या शेजारी क्लॉड राहायचा. अमेरिकेतल्या लुइझियानाचा, जातीनं केजन. म्हणजे ज्यांचे आजी-आजोबा अजून घरात फ्रेंच बोलतात आणि आपल्यासारखं भातावर तिखटजाळ कालवण ओतून खातात, ते लोक. बायको-मुलांना त्यानं युद्धाआधीच मायदेशी पाठवलं होतं. चिमीचं किंचाळणं त्याला भिंतीपलीकडून रोज फुकटात ऐकू यायचं. एके दिवशी चहाला आला आणि म्हणाला, "भाभी, आमच्या कार्निव्हलचे दिवस आलेत. हिला मुखवट्याची भीती वाटते ना? मग आपण सगळेच मुखवटे घालू या."

मग त्यानं सांगितलं. ईस्टरच्या आधी त्यांचे उपास लागतात. ते लागायच्या आदल्या दिवशी गावातले लोक मुखवटे आणि चिंध्यांचे कपडे घालून दारोदार नाचत फिरतात. कुणाकडून तांदूळ मागायचे, कुणाकडून कांदे. कुणी जिवंत कोंबडीच अंगणात सोडतं, ती धावून धावून पकडायची. आणि मग सगळ्यांनी मिळून गम्बो नावाचं कालवण करायचं.

मी कप खाली ठेवला. "अहो, हा तर शिमगा!"

माझं माहेर गुहागरकडचं. काळ्या कपड्यातला, लांब दाढीचा संकासूर दारोदार नाचतो, बाईचं सोंग घेतलेली गोमू ठुमकते, लोक पोस्त म्हणून पैसे, तांदूळ, नारळ देतात. सगळं तेच! आमच्या शिमग्याला अजून अवकाश होता, पण युद्धात पंचांग कोण बघतंय?

"तुम्ही गोमू व्हा," मी ह्यांना म्हटलं.

"डोक्यावरून क्षेपणास्त्रं जातायत आणि मी लुगडं नेसू?"

"चिमीसाठी."

"कुठलं नेसू?"

मी संकासूर झाले. तिथे बाहेर पडताना बायकांनी घालायचा काळा पायघोळ अबाया आयता होताच. कापसाची दाढी केली आणि हलू नये म्हणून कणकेच्या खळीनं गालांना चिकटवली. चिमीनं कागदी ताटलीचा वाघ केला. तो तिनं तोंडावर बांधला तेव्हा मी श्वास रोखून बघत होते. बांधला! वर डरकाळीही फोडली! क्लॉडनं हळूच तिच्या गॅस मास्कला हिरव्या-जांभळ्या रिबिनी बांधून तो बाजूला ठेवला. तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, हात लावला नाही.

भर दुपारी कंपाउंडच्या अंगणात क्लॉडनं बाजारातून आणलेली कोंबडी सोडली. कोंबडी सौदी, तिला ना कार्निव्हल माहीत ना शिमगा! ती गाडीखाली शिरली, मागोमाग क्लॉड शिरला आणि तिथेच अडकला. हे लुगड्यात पाय अडकून जे पडले ते थेट मेंदीच्या कुंपणात. चिमी हसून हसून लोळत होती. कित्येक दिवसांनी हसत होती! तेवढ्यात कोंबडी माझ्या अबायात येऊन गुरफटली आणि मी ती धरली.

झालं! माझ्या अंगात शिमगा आला. कोंबडी काखेत मारली, दुसऱ्या हाताचा तळवा तोंडावर आपटत मी जी बोंब ठोकली! माहेरी माझी बोंब खाडीपलीकडे ऐकू जायची. दम संपला की परत, वर चढवत, खाली आणत.

समोरचं दार धाडकन बंद झालं. मग त्याच्या शेजारचं. कुणीतरी ओरडलं, "सायरन! मास्क! मास्क!"

मी चिमीला धरलं आणि सुसाट पळाले! (माझ्याच बोंबेला घाबरून!)

बेडरूममध्ये गाडीखालून सुटून आलेला क्लॉड धरून आम्ही चौघं आणि कोंबडी. दाढीवर माझा मास्क बसेना आणि दाढी काही निघेना.

"अहो, ओढा ना!"

"ओढतोय!"

"आई गं! तो माझा गाल आहे!"

ह्या गदारोळात चिमीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. वळून बघते तर रिबिनींचा मास्क चढवून, पट्टे नीट ओढून ती माझ्यासमोर उभी! आतून घुमल्यासारखा आवाज आला, "आई, डोंट क्राय. मी आहे ना." मी तिला मिठी मारली आणि दाढीसकट ढसाढसा रडले. इतका आनंद मला तिच्या जन्माच्या वेळीही झाला नव्हता. (तेव्हा कळा येत होत्या.)

आम्ही बसलो, बसलो, बसलो. धोका टळल्याचा भोंगा वाजेचना.

"भाभी," क्लॉड मास्कमधून म्हणाला, "सायरन सुरू कधी झाला?"

"कोंबडी पकडली तेव्हा."

ह्यांनी सावकाश मास्क काढला. "तू बोंब मारलीस?"

"शिमगा आहे. मारणारच!"

तेवढ्यात गेटवरच्या गार्डचा फोन आला. "साब, आपकी तरफ से सायरन किसने बजाया?"

"मेरी मिसेस ने."

"कौन सी मशीन है?"

"मशीन नहीं, भाई. मुँह से."



मग आम्ही त्याच सोंगांत दारोदार माफी मागत फिरलो. दार उघडायला येणारा प्रत्येक माणूस मास्कमध्ये! शिव्या खायची मनाची तयारी होती, पण संकासूर आणि गोमू बघून लोक हसत सुटले. कुणी तांदूळ दिले, कुणी कांदे, कुणी फ्रीजरमधली कोळंबी, कुणी भेंडी (गम्बोत भेंडी लागतेच म्हणे). कोंबडी मात्र चिमीनं कापू दिली नाही, ती आपल्याबरोबर आत बसली होती ना, म्हणून. संध्याकाळी सगळं कंपाउंड आमच्या अंगणात जेवलं. क्लॉडच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो बिचारा मिरचीवर ढकलत होता. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दोन दिवसांनी खरा सायरन झाला. माझे पट्टे सापडायच्या आत चिमी मास्क घालून तयार! इतक्यात फोन वाजला. तिनंच उचलला. क्लॉड होता. काय विचारत होता कोण जाणे, पण चिमीनं एकदा माझ्याकडे निरखून बघितलं आणि त्याला शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "घाला अंकल, घाला. आज खरा आहे. आईचं तोंड बंद आहे."