उद्घाटन झाल्याशिवाय सुई नाही

आमच्या शाळेच्या पडवीत दर महिन्याला लसीकरण होतं आणि ते बिनबोभाट होतं. नर्सबाई बर्फाचा डबा खांद्याला लावून येतात, पोरं भोकाड पसरतात, आया त्यांना पदराखाली घेतात, दुपारपर्यंत सगळ्या आपापल्या घरी. पेठकडच्या डोंगरातलं हे गाव. मी इथे शाळेत बाई आहे, नाशिकहून येऊन-जाऊन करते. इतक्या वर्षांत या कामाला कधी शाल लागली नाही की नारळ.

मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की यंदा 'शिबिर' करायचं. शिबिर म्हटलं की उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटलं की पुढारी आला. मांडव पडला, बॅनर लागला. बॅनरभर हात जोडलेले चेहरे. लसीचं चित्र खाली कोपऱ्यात, शोधावं लागत होतं. माझ्याकडे काम काय, तर मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्या. घेतलं बसवून. नोकरी आहे ना!

आरोग्य खात्याचे एक साहेब सकाळपासून कडक इस्त्रीत मिरवत होते. त्यांचा हुकूम असा: उद्घाटन होईपर्यंत कुणालाही टोचायचं नाही, पण पाहुणे आले की क्षणाचाही खोळंबा नको, म्हणून गोवराच्या लसीची पूड आत्ताच पाण्यात कालवून तयार ठेवा. नर्सबाईंनी निमूटपणे कालवली. मी म्हटलं, "अहो, ही कालवली की चार तासांत संपवायची असते ना? तुम्हीच सांगता दर वेळी."

"साहेबांनाही ठाऊक आहे," त्या पुटपुटल्या. "ते म्हणतात, पाहुणे निघालेत."

निघालेत! कसलं डोंबलाचं निघालेत! थोड्या वेळाने कळलं, तिकडे नाशकात गंगापूर रोडवर कुठल्याशा दुकानाची फीत कापताहेत. मग कळलं, जेवायला बसलेत. इकडे मांडवात तान्ही पोरं घामाने चिकचिकून गेली आणि साहेब आपले माईक तपासताहेत, हॅलो हॅलो.

त्या आयांमध्ये वरच्या पाड्यावरची एक होती. मांडीवर तिची मुलगी, नुकतं पाऊल टाकायला लागलेली. पहिला मुलगा तिचा गोवराने गेला होता. घरची सगळी त्याच दिवशी द्राक्षबागांच्या कामाला निघालेली. सामान भरलेला टेम्पो रस्त्यावर उभा, परत यायचे ते शिमग्याला. नवरा येऊन ओरडून गेला, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, ही जागची हलली नाही. "पोरीला टोचल्याबिगर मी नाय उठनार," एवढंच म्हणाली.

मी साहेबांकडे गेले. "हिला एकटीला तरी टोचू द्या, गाडी खोळंबलीय तिची."

"बाई, प्रोटोकॉल असतो."

मेल्याला लसीचा नियम आठवत नव्हता, हारतुऱ्यांचा बरोबर आठवत होता.

पुढारी उगवले तेव्हा बाटलीची वेळ टळून गेली होती. नर्सबाईंनी ती बाजूला ठेवली आणि साहेबांना तोंडावर सांगितलं, "ही मी कुठल्याही लेकराला देणार नाही." एवढ्यापुरतं मी त्यांना मानते. दुसरी बाटली नव्हती. एवढ्याशा गावाला एकच आणतात. साहेबांच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. म्हणाले, "बरं, मग फोटोपुरती सुई लावा."

आणि लावली हो! वरच्या पाड्यावरची ती पुढे बसली होती म्हणून नेमकी तिचीच मुलगी उचलली. दंड कापसाने पुसला, कोरडी सिरिंज जवळ धरली, पुढाऱ्यांनी डोक्यावर हात ठेवला, पोरीने टाहो फोडला, मोबाईलवर कचाकच फोटो निघाले. वर टाळ्या! यांना लाज कशी ती वाटत नाही. मी मांडवाच्या टोकाला मुलींना रांगेत उभं करत होते. वळून बघते तर ती बाई पोरीच्या दंडावर कापूस दाबून टेम्पोकडे पळत सुटलेली.

मी मागे धावले. ती वर चढून बसली होती, दमलेली, पण तोंडभर हसत होती.

"झालं बाई एकदाचं! आता नाय ना येनार गोवर हिला?"

मी म्हटलं, "अगं, टोचलंच नाही. सुई रिकामी होती. फोटोसाठी नुसती."

तिला आधी कळेचना. मग तिने कापूस उचलून पोरीचा दंड उलटसुलट करून पाहिला आणि गाठोडं खाली ओढायला लागली.

"मी थांबते. आजून बसते. टोचा म्हनावं त्येंना."

दिवसभर बसलेली बाई पुन्हा बसायला तयार होती. लस उरलीच नाही, हे तिला मलाच सांगावं लागलं. म्हटलं, तिकडच्या सरकारी दवाखान्यात ने हिला, नक्की ने.

"तिकडं कोन सोडतंय कामावरनं?" ती म्हणाली. नवऱ्याने गाठोडं पुन्हा आत घेतलं आणि टेम्पो निघाला. पोर अजून रडतच होती. मागे मांडवात साहेब माईकवरून माझ्या नावाने ओरडत होते, स्वागतगीत राहिलंय म्हणून.