शाळेच्या नावाने आलेला प्रश्न

उदगीरच्या महादेवप्पा आडत्यांची अंबिका लहानपणापासून एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. लातूरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली तरी ती सवय सुटली नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत येरझारा घालत ती शिकवायची, आणि कुणाला समजलं नाही हे तिला पोरांच्या भुवयांवरून कळायचं.

गेल्या वर्षी किनवटकडच्या एका मुलींच्या निवासी शाळेतले विज्ञानाचे सर बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. तिथले मराठीचे नागसेन सर अंबिकेला एका प्रशिक्षणात भेटले होते. त्यांचा फोन आला, "मॅडम, आमच्या दहावीच्या पोरींना इंटरनेटवरून शिकवता का? टीव्ही हाय, लॅपटॉप हाय, मास्तर तेवढा न्हाई." अंबिका हो म्हणाली आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी लातूरच्या घरी लॅपटॉपपुढे बसू लागली.

बसू लागली म्हणायचं एवढंच. तिकडचं नेट इतकं तोकडं, की त्यांनी कॅमेरा सुरू केला की हिचा आवाज तुटायचा. म्हणून त्यांचा कॅमेरा बंद. हिच्यासमोर काळा चौकोन, त्यावर शाळेचं नाव. पेशीविभाजनाची चित्रं दाखवून तिनं "समजलं का गं?" म्हटलं, की एका सुरात "हो मॅडम!" यायचं. त्या सुरानं तिचा जीव खालीवर व्हायचा.

"हो म्हणतात ना? मग झालं की," नवरा सिद्धेश्वर म्हणायचा.

"सगळ्याच हो म्हणतात, म्हणून तर भ्या वाटतं."

प्रजननाचा धडा आला तेव्हा 'हो मॅडम'सुद्धा बंद झालं. नागसेन सर लॅपटॉप लावून देऊन निमूट बाहेर गेले. अंबिकेनं बराच वेळ एकटीनंच बोलून पाहिलं. शेवटी म्हणाली, "तोंडानं विचारायला लाज वाटत असेल तर लिहा. एकेकीनं पुढं यायचं, लिहायचं, जागेवर जाऊन बसायचं. मला नुसतं शाळेचं नाव दिसतं. कुणी लिहिलं ते कळायचं नाही."

युक्ती लागू पडली. पाळीत लोणच्याला हात लावला तर खरंच नासतं का? जुळी कशी होतात? प्रश्नामागून प्रश्न येऊ लागले. कितीतरी दिवसांनी अंबिका खुलून बोलत होती. आणि मग पडद्यावर आलं :

'पाळी बंद झाली होती. आता सुरू झाली ती थांबतच नाही. उठलं की चक्कर येते. माणूस मरतं का?'

"कुणी लिहिलं हे?" तिच्या तोंडून निघून गेलं. तिनं सावरून "असं असेल तर लगेच डॉक्टरकडं जायचं" म्हणेपर्यंत नेट गेलं होतं.

पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. पाळी बंद, मग एवढा रक्तस्राव. कुणी काही केलं असेल का पोरीला? कुणी काही खायला दिलं असेल का? अंबिकेनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. सांगावं तर बोभाटा, न सांगावं तर पोर जिवानिशी जायची. तिनं नागसेन सरांना सांगितलंच.

"आत्ताच्या आत्ता सगळ्यांना उभं करून विचारतो," ते म्हणाले.

"नको, सर! नाव फुटलं तर घरचे येऊन घेऊन जातील. शाळा कायमची सुटेल तिची."

"मग मी काय करू, सांगा?"

"कुणाला चक्कर आली तर गाडी करून दवाखान्यात न्या. कोण, कसं, काही विचारू नका. मी येते."

लातूरहून एसटीनं नांदेड, तिथून किनवटची रेल्वे. भोकर गेलं, हिमायतनगर गेलं, अंबिका दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत होती. समोरची एक बाई शेवटी म्हणाली, "बसा की बाई, गाडी तुमच्या चालण्यानं पळणार हाय का?"

शाळेत पोरी रांगेनं बसलेल्या. वर्षभर ज्यांचा नुसता आवाज ऐकला त्यांचे चेहरे ती पहिल्यांदा बघत होती, आणि बघत होती ते फक्त कुणाचे ओठ पांढरे आहेत ते. सगळ्याच तिला फिकट दिसायला लागल्या. तिनं कुणालाच काही विचारलं नाही. "मी व्हरांड्यात बसलेय," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळानं साक्षी नावाची पोरगी जवळ येऊन उभी राहिली.

"मॅडम, त्ये म्या लिव्हलं. पर माझं न्हाई. मावशीचं हाय."

मावशी म्हणजे स्वयंपाकीण पंचशीलाताई. अंबिकेला आधी हायसं वाटलं. पोर सुखरूप होती. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीला टेकून बसलेल्या त्या बाईची नखं तिनं पाहिली, खडूसारखी पांढरी. आपल्याला हायसं कसं वाटलं, याची तिला लाज वाटली.

"किती दिवस अंगावर काढलंत, ताई?"

"चाळिशी सरली मॅडम. पाळी गेली तवा वाटलं, वयानं गेली. मंग हे सुरू झालं. कुणाला सांगू? सर पुरुषमाणूस, डॉक्टरबी पुरुष. तुमचं शिकवणं दारातून ऐकत व्हते. वाटलं, ह्या बाईला इचारावं. तिला कुठं मी दिसून राहिले?"

"चला, उठा."

"आन् पोरींचा सैपाक?"

"मावशी, आम्ही करतो की!" साक्षी दारातून ओरडली.

नांदेडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, गर्भाशयात गाठ आहे, रक्त फार उतरलंय. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पंचशीलाताईंची भावजय सोबतीला येईपर्यंत अंबिका तिथंच होती. कॉटपाशी कमी, व्हरांड्यात जास्त.

दोन महिन्यांनी पंचशीलाताई कामावर परतल्या. तासाला आता गावातली नर्सबाई पोरींसोबत बसते. अंबिकेनं नागसेन सरांमागे लकडाच लावला होता. प्रश्न अजूनही शाळेच्याच नावानं येतात. एखादा वेडावाकडा आला की अंबिका खुर्चीतून उठते, "कोण गं?" अगदी ओठांवर येतं. ते ती गिळते, खोलीत एक फेरी मारते, आणि उत्तर द्यायला लागते.