देवकाचा रिकामा रकाना

गरिमा पिसाळला स्मृतीचा हेवा वाटतो, हे तिच्या घरी, मंडळात आणि दाल बाज़ारातल्या निम्म्या दुकानांत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या स्मृतीला. आणि गरिमाला खरा राग यायचा तो याचाच. अहो, आपण एखाद्या माणसावर जन्मभर जळावं आणि त्याला साधी धगसुद्धा लागू नये, म्हणजे काय!

दोघी चुलत बहिणी. गरिमा पाच वर्षांनी थोरली. लहानपणी स्मृतीला ताप आला की अख्खं घर तिच्या उशाशी बसायचं. गरिमाला आला की "गोळी घे नि झोप". स्मृती पुण्याला जाऊन इंजिनिअर झाली, मोठ्या कंपनीत लागली. गरिमाने ग्वाल्हेरातच एम.सी.ए. केलं, कारण बिड़ला नगरच्या मिलमधून रिकामे झालेले तिचे वडील, जयसिंहराव, घरी एकटे होते. तिने इंदरगंजात झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली घेतली आणि दाल बाज़ारातल्या ठोक व्यापाऱ्यांच्या मालाचे प्रोग्राम लिहू लागली. कुठला माल आला, कुठल्या गोदामात गेला, किती उरला. काम चोख आणि तोंड फटकळ. व्यापारी तिला घाबरून असत आणि तिच्याशिवाय कुणाला बोलावतही नसत.

पण सगळ्यात जास्त खुपली ती लग्नाची गोष्ट. स्मृतीला स्थळं यायची ती काय, पाहुणे दारातून जातात न जातात तोच दुसरे हजर. शेवटी तिने देवासचा समरजीत पसंत केला. गरिमाला एक स्थळ आलं नाही. एकही नाही! नकार आला असता तरी तिने पचवला असता. पण नकार द्यायला तरी कुणी यायला हवं ना? आणि तिला लग्नाची फार हौस होती असंही नाही. तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. मग ती ऐटीत "नाही" म्हणाली असती आणि विषय तिथेच संपला असता.

ही स्थळं यायची मंडळाकडून. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठा घरांनी मिळून चालवलेलं वधू-वर मंडळ. फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आलेली ही घरं. मुलं आता घरातही हिंदीच बोलतात, पण सोयरीक म्हटली की कूळ आणि देवक पाहिल्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. देवक म्हणजे लग्नात पुजायचं कुळाचं झाडपान. कुणाचं कळंब, कुणाचं उंबर, कुणाचं पंचपल्लव. दोघांचं देवक एक निघालं तर ती भावंडंच झाली, बोलणी तिथेच थांबली.

मंडळाचा प्रोग्राम दहा वर्षांपूर्वी गरिमाने लिहिला होता. मोठा सर्व्हर वगैरे भानगड नाही. एसक्यूलाइटचा, एका फाइलीत मावणारा डेटाबेस. पेन ड्राइव्हवर घेतला की खिशात. मुलाचं नाव टाका, बटण दाबा, देवक वेगळं असलेल्या, वयाला आणि शिक्षणाला साजेशा मुलींची यादी हजर. मुलीचं नाव टाकलं की मुलांची. यादीत कुणीच नसेल तर कागदावर एक ओळ छापून येई: "सध्या योग्य स्थळ उपलब्ध नाही." ही ओळसुद्धा गरिमानेच लिहिलेली.

आणि नियम तिचा एकच. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येक आईबापाला ती दरडावून सांगे, "माहीत नसेल ते लिहू नका. रकाना रिकामा सोडा. मनाचं काही ठोकून द्यायचं नाही." तिला या नियमाचा भारी अभिमान होता.

तर यंदा काय झालं, स्मृती ग्वाल्हेरला राहायला आली. समरजीतची इकडे बदली झाली, तिची नोकरी घरूनच. आली ती आली आणि पहिल्याच महिन्यात मंडळात जाऊन बसली. मंडळाच्या अध्यक्ष शालिनीताई हरखून गेल्या. स्मृतीने प्रोग्राम उघडला, शोध लवकर लागावा म्हणून एक इंडेक्स टाकला, आणि जी यादी यायला चार श्वास लागत ती डोळ्याचं पातं लवायच्या आत यायला लागली.

"बघा, पुण्याचं शिक्षण!" शालिनीताई म्हणाल्या. गरिमा तिथेच बसली होती. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चार श्वासांची कुणाला घाई होती इथे? लग्नं जुळवता का गाड्या सोडता?

त्याच दिवशी सूर्याजी वाबळे आले. फौजेतून निवृत्त झालेले, कानांनी मंद, आवाजाने खणखणीत. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. "ताई, दिग्विजयचं नाव इथे किती वर्षं आहे? मुलगा चाळिशीला आला. दर वेळी हीच ओळ. सध्या योग्य स्थळ उपलब्ध नाही. अख्ख्या मध्य प्रदेशात एक मुलगी नाही माझ्या पोरासाठी? असं काय आहे त्याच्यात?"

शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज खाली आला. गरिमाने मान दुसरीकडे वळवली. तो प्रश्न तिला चांगला ओळखीचा होता.

"स्मृती बघेल," शालिनीताई लगेच म्हणाल्या.

"हां काकू, मी कल तक बघून सांगते ना," स्मृती म्हणाली.

"प्रोग्राम माझा आहे," गरिमा म्हणाली. "मी बघणार."

"अरे दीदी, तू कशाला परेशान होतेस? पुराना कोड आहे, मी आरामात..."

"मी बघणार म्हटलं ना!"

इतक्या जोरात म्हणाली की सूर्याजींनाही ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी दुकानांची कामं बाजूला सारून ती खोलीत बसली. आता खरं सांगायचं तर सूर्याजींची तिला दया आली होती, पण संगणकापुढे तिला बसवलं ते दयेने नव्हे. तिची खात्री होती की स्मृतीच्या त्या इंडेक्सनेच काहीतरी बिघडवलंय. देवा, तसंच असू दे! रविवारच्या सभेत ती कशी उभी राहील, काय म्हणेल, स्मृतीचं तोंड कसं होईल, सगळं तिने मनात पाहून घेतलं. मग स्मृतीचा इंडेक्स काढून टाकला आणि दिग्विजयसिंहाचं नाव टाकलं.

यादी रिकामी.

जुन्या वर्षांच्या प्रती काढल्या. स्मृती ग्वाल्हेरला परतलीही नव्हती तेव्हाच्या. त्यांतही रिकामी. गरिमाला इतकं वाईट वाटलं की काय सांगावं! चूक स्मृतीची नव्हती.

मग तिने नेहमीची रीत धरली. क्वेरीतली, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातली, एकेक अट काढायची आणि काय होतं ते बघायचं. वयाची अट काढली, यादी रिकामी. शिक्षणाची काढली, रिकामी. गावाची काढली, रिकामी. देवकाची काढली, आणि पडदा नावांनी भरून गेला.

तिने दिग्विजयसिंहाची नोंद उघडली. देवकाचा रकाना कोरा. वाबळ्यांच्या घरात देवक कुणाला आठवत नव्हतं, आणि सूर्याजींनी तिच्या सांगण्यावरून ते रिकामं सोडलं होतं.

आता कळलं. अट साधी होती: या मुलाचं देवक आणि त्या मुलीचं देवक वेगळं हवं. पण डेटाबेसच्या लेखी कोरा रकाना म्हणजे "वेगळं" नव्हे, कोरा म्हणजे "माहीत नाही". माहीत नसलेलं हे कळंबापेक्षा वेगळं आहे का, असं त्याला विचारलं तर तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. आणि ज्याच्यासाठी हो आलं नाही, त्याला यादीत घेत नाही. म्हणजे देवक कोरं असलेल्या माणसाला कधी यादी मिळणार नाही, आणि ते माणूस दुसऱ्या कुणाच्या यादीतही दिसणार नाही. वर्षानुवर्षं. डाळीच्या दुकानांसाठी लिहिताना हीच गोष्ट ती डोळ्यांत तेल घालून सांभाळे. इथे सत्ताविसाव्या वर्षी, घाईत, एका ओळीत राहून गेली होती.

देवक कोरं असलेली किती माणसं आहेत, हे तिने डेटाबेसला विचारलं. बरीच निघाली. वरून खाली वाचत गेली आणि मधेच थांबली.

गरिमा जयसिंहराव पिसाळ.

स्वतःच्या नावाची यादी तिने कधी काढली नव्हती. लाज वाटायची. ते काम शालिनीताई करत आणि पाकीट जयसिंहरावांच्या हाती देत. बाबा पाकीट उघडत, कागद घडी करून ठेवत, काही बोलत नसत. तिला वाटायचं, लोकांनी तिला पाहिलं आणि बाजूला सारलं. काय काय कारणं शोधली होती तिने त्याची! रंग, उंची, जीभ, बाबांची बंद पडलेली मिल. आणि कुणी पाहिलंच नव्हतं तिला. तिच्याच हाताने तिला काढून टाकलं होतं.

मग तिला एकदम आठवलं की स्मृती तर तिच्याच काकांची मुलगी. कूळ तेच, देवक तेच. मग ती कशी दिसायची? गरिमाने स्मृतीची जुनी नोंद उघडली. देवक: कळंब.

घरी गेली ती चपलासुद्धा न काढता वडिलांपुढे उभी राहिली. "बाबा, आपलं देवक काय?"

जयसिंहराव शेंगा सोलत होते. "कोण जाणे बेटा. माझ्या वडिलांनाही ठाऊक नव्हतं."

"मग स्मृतीचं कळंब कुठून आलं?"

"ते होय? तुझ्या काकूने लिहून टाकलं. म्हणाली, काहीतरी लिहावं, बरं दिसतं."

"आणि तुम्ही का नाही लिहिलं?" तिचा आवाज चिरकला.

जयसिंहरावांनी तिच्याकडे नवलाने पाहिलं. "मी लिहीतच होतो. तूच माझ्या हातातून पेन काढून घेतलंस ना. म्हणालीस, माहीत नसेल ते लिहायचं नाही."

गरिमा आत जाऊन बसली आणि तिने पोटभर रडून घेतलं. रडता रडताही तिला स्मृतीचाच राग येत होता. थाप मारली ती यादीत, खरं लिहिलं ती बाहेर! संसार काय, नवरा काय, सगळं त्या खोट्या कळंबावर. सांगेन, सगळ्यांसमोर सांगेन, असं तिने ठरवलं. मग उठून क्वेरी दुरुस्त केली. देवक कोरं असलं तरी नाव येऊ द्यायचं, पुढे छापायचं: माहीत नाही, विचारून घ्यावे.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत चहा आणि गरम बेडई-पुरी झाली. सूर्याजी पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते. स्मृती लॅपटॉपपाशी. ती तिथे कशी बसली, कुणी बसवली, हे विचारायचं नाही. ती कुठेही गेली की मधली जागा तिचीच.

"काय बिघडलं होतं ग?" शालिनीताईंनी विचारलं.

गरिमाने सांगितलं. कोऱ्या रकान्याची माणसं यादीतून गळत होती, एवढंच.

"म्हणजे चूक झाली कुणाची?" शालिनीताई म्हणाल्या आणि त्यांनी स्मृतीकडे पाहिलं. "तू परवा काहीतरी टाकलं होतंस ना त्यात?"

स्मृतीचा चेहरा उतरला. "काकू, मी तो सिर्फ इंडेक्स..."

सगळे तिच्याकडे बघत होते. कुणाच्याही नजरेत कौतुक नव्हतं. गरिमाने तो क्षण पाहून घेतला. खोटं कशाला बोलू, तिला गोड वाटलं. गप्प बसायचं होतं फक्त. कळंबाची गोष्ट तर ओठांवर होती.

आणि मग तिला कसंतरीच वाटू लागलं. खाऊ, कौतुक, पाहुणे, मधली खुर्ची, आजवर जे जे होतं ते या मुलीने नेलं. आता दहा वर्षांत गरिमाच्या आयुष्यात जी सगळ्यात मोठी गोष्ट घडली होती, तीसुद्धा हिच्याच नावावर जाणार? ही चूकही हिलाच द्यायची?

"तिचा काही संबंध नाही," गरिमा तडकून म्हणाली. "माझी चूक आहे. पहिल्या दिवसापासून माझीच. सूर्याजीकाका, तुमच्या दिग्विजयची वर्षं मी घालवली. त्याच्यात काही कमी नव्हतं."

सूर्याजींनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाले, "यादी काढा."

स्मृतीने बटण दाबलं. पडदा भरला. शालिनीताई चष्मा लावून वाकल्या, एकेक नाव वाचू लागल्या आणि अडखळल्या.

"अगंबाई. हे नाव काढायचं राहूनच गेलं वाटतं."

खोलीत सगळे चहाच्या कपात बघू लागले. स्मृतीने खाली मान घालून हळूच विचारलं, "दीदी, डिलीट करून देऊ? किसी को पता नहीं चलेगा." तिचं बोट त्या बटणावर होतंच. आणि ती हे मनापासून, चांगुलपणाने म्हणत होती, हे गरिमाला दिसत होतं.

"हात लावू नकोस," गरिमा म्हणाली.

"दीदी..."

"वाच. मोठ्याने वाच. काकांना कमी ऐकू येतं."

स्मृतीने एकदा शालिनीताईंकडे पाहिलं, मग वाचलं. "गरिमा जयसिंहराव पिसाळ. वय सदतीस. एम.सी.ए. देवक..." ती थांबली.

"पुढे वाच."

"देवक माहीत नाही."

"आमचंही नाही," सूर्याजी म्हणाले, आणि त्यांनी आपली खुर्ची पुढे ओढली.